एका थरातील दोन यीस्ट
(वार्षिक सभेतील मनोगत)



शिरेतील नळी दीर्घकाळ राहिल्यास तिच्यावर यीस्टचा चिवट थर जमू शकतो. त्यात कॅन्डिडा अल्बिकन्स व ग्लाब्राटा या प्रजाती एकत्र नांदू शकतात. पहिलीच्या तंतूंना दुसरी चिकटून राहते. भोवतालची साखर व पोषणद्रव्ये बदलली की सरशीही बदलू शकते. ग्लाब्राटापुढे फ्लुकोनॅझोल अनेकदा अपुरे पडते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोहोंचा प्राधान्यक्रमाच्या यादीत समावेश केला. धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवरून आलेल्या रुग्णाचे दिवस अपुऱ्या औषधात जाऊ नयेत, यासाठी नळी वेळेवर काढणे व प्रजाती ओळखणारी तपासणी अगत्याची आहे. या कार्यात आपला सहयोग लाभावा, ही आमची नम्र विनंती.