आइस्क्रीमच्या कपात काय असते?

आइस्क्रीम म्हणजे दूध, साय, साखर आणि हवा.

हो, श्रोतेहो, हवासुद्धा!
लिटरचा डबा अर्ध्या किलोहून जरासाच जास्त भरला,
तरी तो नियमात बसतो.

दुधामुळे प्रथिने आणि कॅल्शियम मिळते, पण थोडेच.
साखर मात्र भरपूर.
100 ग्रॅममध्ये साधारण 200 कॅलरी,
म्हणजे दोन चपात्यांएवढ्या.

शहापूर किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडवर कप घेताना
झाकण वाचावे.
नुसते ‘आइस्क्रीम’ लिहिले असेल,
तर शंभरात निदान 10 भाग दुधाचा स्निग्धांश हवा.
‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिले असेल,
तर त्यात सहसा वनस्पती तेल असते.
चव जवळपास तीच.
म्हणूनच झाकण वाचावे.

मटका कुल्फीला झाकणावर छापील मजकूर सहसा नसतो.
ती आटवलेल्या दुधाची, हवा न फेटलेली;
म्हणून छोटीशी कुल्फीही पोटाला जड पडते.