कापडावर पडलेलं ऊन

आपल्या मोबाईलमध्ये कसले फोटो असतात? मुलांचे, लग्नाचे, आधार कार्डाचे. आज मी जरा वेगळ्या फोटोबद्दल बोलणार आहे. त्यात माणूस नाही, देऊळ नाही, डोंगर नाही. फक्त कापड आणि त्यावरचा उजेड. याला अमूर्त छायाचित्र म्हणतात. ते कशाचं आहे हे शोधायचं नसतं. रेषा, रंग, सावल्या बघायच्या. ठिपक्यांची रांगोळी तरी कशाची असते? पण आपण थांबून बघतोच ना!

याचा आपल्याला उपयोग काय? आपल्यातल्या कितीजणी गोधड्या शिवतात. एकीला आठवडेच्या आठवडे लागतात. फोटो पाठवला की गिऱ्हाईक विचारतं, "एवढे पैसे कशाचे?" कारण भर दुपारी काढलेल्या फोटोत टाका दिसतच नाही. टाका दिसला नाही की कष्टही दिसत नाहीत.

म्हणून घरी तीन प्रयोग करा.

पहिला. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना गोधडी अंगणात खाटेवर पसरा. धावदोऱ्यापाशी कापड थोडं दबलेलं असतं. तिरप्या उजेडाने तिथे सावली पडते आणि शेतातल्या सऱ्यांसारख्या ओळी उठून दिसतात. डोक्यावरच्या उन्हात त्या सपाट होतात.

दुसरा. जुनं सुती लुगडं खिडकीला बांधा आणि घरातून फोटो काढा. कापड दुहेरी तिथे गडद, एकेरी तिथे उजळ. विरलेली जागा तर सगळ्यात जास्त उजळते. एरवी आपण तीच लपवतो!

तिसरा. धूपछाव कापडात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. त्याला चुण्या पाडा, थोडं फिरवा. उजेडाची बाजू बदलली की रंग बदलतो.

मोबाईलची काच आधी मऊ कापडाने पुसा. झूम करू नका, जवळ जा. फ्लॅश बंद ठेवा. तो समोरून पडतो आणि सावल्या घालवतो.

उजेडाचं हे काम जुनं आहे. इंग्लंडच्या ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रातल्या शेवाळांची चित्रं केली, तीही कॅमेऱ्याशिवाय. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, ऊन द्यायचं, मग कागद पाण्यात धुवायचा. निळ्या कागदावर पांढरी आकृती उमटायची. त्यांचं ते पुस्तक छायाचित्रं असलेलं पहिलं पुस्तक मानतात.

एक सांगते. विकायच्या मालाचा एक पूर्ण फोटो सावलीत, भरपूर उजेडात काढा, म्हणजे रंग खरा दिसेल. हा जवळचा फोटो त्याच्या जोडीला द्यायचा, त्याच्या जागी नाही. गिऱ्हाइकाची फसगत नको.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एकाच कापडाचे तीन फोटो आणा: सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. शेजारी शेजारी ठेवून बघू, आपलं काम कोणत्या उजेडात बोलतं ते.