जन्माचं वजन आणि दादीची मूठ

(जुन्नर येथे जुन्नर-आंबेगावच्या तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक प्रश्न विचारते. इथं बसलेल्यांपैकी किती जणांना आपलं जन्माच्या वेळचं वजन माहीत आहे? तीन हात. बरं. आणि तुम्ही पोटात असताना अम्मीचं वजन किती होतं, हे कुणाला माहीत आहे? एकही हात नाही. दहावीचे टक्के मात्र पॉइंटसकट पाठ असतील.

संयोजकांनी मला तीन विषय दिले होते: घरातली म्हातारी माणसं, कामाचा ताण आणि तान्ह्या बाळाची वाढ. मी वीस वर्षं परिचारिका म्हणून गावोगाव फिरते आहे. मला हे तीन विषय वेगळे दिसतच नाहीत. एकाच घरात, एकाच ओट्याभोवती ते तिन्ही सापडतात. म्हणून एकच भाषण करते.

गोष्ट इंग्लंडमधून सुरू होते, पण लगेच पुणे जिल्ह्यात येते. हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं आणि एक वर्षाचं वजन वहीत लिहायच्या. बाळ आईचं दूध पितं की बाटलीचं, दात आले का, हेही लिहायच्या. त्या वह्या पडून राहिल्या. सत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरने त्या उघडल्या आणि ती बाळं पुढे कशाने वारली ते शोधलं. १९८९ मध्ये त्याने लिहिलं, की एक वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, असे पुरुष हृदयविकाराने जास्त संख्येने गेले. जे जिवंत होते, त्यांना पुढे बोलावून तपासलं. ज्यांचं वर्षाचं वजन कमी, त्यांच्या हाताची पकड म्हातारपणी जास्त ढिली झालेली होती, ऐकूही कमी येत होतं. पासष्टीतल्या माणसाची मूठ किती घट्ट आवळते याचा धागा त्याच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत गेला. आणि तो हाती लागला कशामुळे? कुणीतरी बाईने रोज नेमाने वही भरली म्हणून. मला बार्करइतकंच त्या वह्या भरणाऱ्या बायकांचंही कौतुक वाटतं.

आता आपल्या जिल्ह्यात या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या, अजून गरोदर नसलेल्या बायकांपासून सुरुवात केली. त्या गरोदर राहिल्या की काय खातात, काय काम करतात, रक्तात काय आहे, हे सगळं नोंदवलं. मग बाळं मोजली. तीच बाळं आज तिशीच्या आसपास आहेत आणि त्यांची मोजणी अजून चालू आहे. इतका लांब पल्ल्याचा अभ्यास आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

त्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं ४२ किलो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण वीस किलोचा असतो. म्हणजे दोन क्रेट आणि वर थोडं, एवढी ती बाई. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास आलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साधारण साडेतीन किलोची. पण खरी गंमत, गंमत म्हणू नये, पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र तितकीशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीवाली. याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या मोहल्ल्यातल्या सडपातळ मामूंना चाळिशीत शुगर कशी निघते, असं तुम्ही मला विचारता. उत्तराचा एक मोठा भाग त्या फोटोत आहे.

तरुणांनो, हे मामूंपुरतं नाही. त्या सहा गावांतली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची साखर तपासली. सरासरी बीएमआय २० च्या खाली, म्हणजे सगळी बारीक मुलं. तरीही ३७ टक्के मुलग्यांमध्ये आणि १८ टक्के मुलींमध्ये साखरेचा तोल बिघडलेला आढळला. 'मी तर काडीसारखा आहे, मला काय होतंय' असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे आज घरी घेऊन जावेत.

आता कामाकडे येते. याच अभ्यासात आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी गरोदर बायकांच्या कष्टांची मोजदाद केली. शेतातलं काम धरलं आणि घरातलंही धरलं. ज्या बायकांना गरोदरपणात जास्त अंगमेहनत पडली, त्यांची बाळं लहान निघाली. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या आज्या हे न मोजताच सांगतील, पण मोजल्यामुळे एक गोष्ट झाली. 'बाईने काम केलं की बाळंतपण सोपं होतं' हे वाक्य सरसकट म्हणता येईनासं झालं. हलकी हालचाल चांगली, चालणं चांगलं. डोक्यावरचा क्रेट ही हालचाल नव्हे.

जुन्नर-आंबेगावात कामाचे प्रकार पाहा. पूर्वेकडे कुकडी आणि डिंभ्याचं पाणी, म्हणून बारा महिने कांदा, टोमॅटो, ऊस. टोमॅटो तोडणारी बाई दिवसभर वाकलेली असते आणि कांदा काटणारी उकिडवी. पश्चिमेला घाटाकडे भाताची आवणी, गुडघाभर चिखलात, भर पावसात. हिरडा गोळा करायचा तर रान तुडवायचं. धरणं त्यांच्या उशाला, आणि उन्हाळ्यात हंडा त्यांच्याच डोक्यावर. आपल्या जमातीतल्या बायका शेतात कमी दिसतात म्हणून त्यांना आराम आहे, असं समजू नका. बागवानांच्या घरी पहाटे तीनला माल निवडायला कोण बसतं? शिवणयंत्रावर पाठ वाकवून फॉल-पिकोची थप्पी कोण संपवतं? यातल्या एकीलाही कामगार म्हणून कुणी मोजत नाही. प्रसूती रजेचा कायदा २०१७ मध्ये २६ आठवड्यांचा झाला. तो या बायकांच्या दारापर्यंत आलेला नाही.

मग त्यांच्या ताटात काय पडतं? त्या सहा गावांत बाळाच्या वजनाशी नुसत्या पोटभर भाकरीचा संबंध फारसा दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दुधाचा. आणि आई जितकी बारीक, तितका तो जास्त दिसला. म्हणजे मेथीची जुडी जिला सर्वांत जास्त हवी, तिच्यापर्यंत ती पोचली पाहिजे. मेथी-कोथिंबिरीचा ढीग लावणाऱ्या घरात ही अडचण नसावी, पण असते. चांगला माल विकायला जातो.

दुसरी गोष्ट बी-१२ ची. त्या आयांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जणींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत जास्त दिसली. बी-१२ मिळतं दूध, अंडी, मासे, मटण, कलेजी यांतून. इथं आपली माणसं छाती फुगवतात: 'आपल्याला काय, आपण खातो!' कोण खातं? मी घरोघर जेवणाच्या वेळी गेले आहे. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, शेवटी सून. तिच्या वाट्याला शोरबा आणि बटाटा. शोरब्यात चव असते, बोटी आधीच संपलेली असते. मटणाचा भाव पाहता बऱ्याच घरांत ते आठवड्यातून एकदाही होत नाही, हा भाग वेगळा. कागदावर मांसाहारी असलेल्या घरातली गरोदर सून प्रत्यक्षात काय खाते, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि सासूसमोर विचारलंत तर तेव्हाही कळणार नाही.

बाळ जन्मलं की पहिल्या तासात आईचं दूध आणि सहा महिने फक्त तेच. पाणी नाही, घुट्टी नाही. शहद एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. कानात अजान द्या, ओठावर शहद लावू नका. कुराणात दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. पण पाजणारीच्या ताटाची चिंता करायला कुणी थांबत नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, माता-बाल संरक्षण कार्डावर हिरवा, पिवळा, केशरी असे पट्टे असतात. घरी कार्ड आहे का ते पाहा आणि ठिपका कुठल्या पट्ट्यात आहे तेही पाहा. दोन्ही तालुक्यांच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, चौरस जेवण मिळतं. ते खरंच मिळतं का, हे विचारायला तुम्ही जाऊ शकता. कलामसाहेबांच्या नावाची कमान लावण्यापेक्षा ते काम जास्त उपयोगाचं.

आता म्हातारपण. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केईएमचं ग्रामीण केंद्र आहे, डॉ. बानू कोयाजींनी उभं केलेलं. त्या भागातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तब्येतीबद्दल विचारलं गेलं. पुरुषांपेक्षा बायकांनी आपली तब्येत जास्त वाईट सांगितली. कमी शिकलेल्यांनीही तसंच. मला यात नवल वाटलं नाही. ४२ किलोची जी बाई क्रेट उचलत होती, तीच साठीला आली आहे. तिचे गुडघे, तिची पाठ, तिची मूठ कुठून आणणार?

आई-वडिलांच्या म्हातारपणात त्यांच्याशी कसं वागावं, याबद्दलची शिकवण आपल्याकडे प्रत्येक मुलाला पाठ असते. जुम्म्याला ऐकतो, डोळे पाणावतात. मग घरी दादीचं अंथरूण कोण बदलतं? सून. ती गरोदर असते, किंवा तिचं बाळ कडेवर असतं. माझं भाषण एकच आहे असं मी म्हणाले ते याचसाठी. सत्तर वर्षांच्या दादीला उचलणारी पाठ आणि पोटातलं बाळ एकाच बाईचे आहेत. मुलग्यांनो, सेवा ही तुमची जबाबदारी सांगितली आहे, तुमच्या बायकोची नव्हे. दादीला न्हाणीघरात नेणं, औषध देणं, रात्री उठणं हे शिकायला अवघड नाही. मी एका दुपारात शिकवते.

एक तपासणी आत्ताच सांगते. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांसाठी सुचवते. खुर्चीत बसवा, हात छातीवर घडी करून, हाताचा आधार न घेता पाच वेळा उठायला-बसायला सांगा. चौदा सेकंदांत झालं तर ठीक. नाही झालं तर पायातली ताकद कमी होते आहे, पडण्याची भीती आहे, डॉक्टरकडे न्या. दादी नमाज खुर्चीवर पढायला लागल्या की घरचे म्हणतात, वय झालं. वय झालं असेलही. पण अंडी-दूध बंद झालं का, डोळ्यात मोतीबिंदू आहे का, न्हाणीत दिवा आहे का, फरशी शेवाळलेली आहे का, हेही बघा. यातलं बरंच दुरुस्त होतं.

शेवटी तुमच्या पाहणीबद्दल. तुम्ही पन्नास घरं करणार आहात असं कळलं. आपल्या मोहल्ल्यांत कागद घेऊन कुणी आलं की दार अर्धंच उघडतं. २०१९ नंतर तर जास्तच, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही. त्यामुळे आधी सांगा, हे कशासाठी आहे, कोण वाचणार आहे, नको असेल तर उत्तर देऊ नका. कागदपत्रं मागायची नाहीत, फोटो काढायचा नाही. बाईशी बोलायला मुलगीच जाईल. पण भीतीपोटी मोजलंच नाही, तर आपल्या बाळांची वही कोरीच राहील आणि 'यांच्यात असंच असतं' हे इतर लोक आपल्याबद्दल म्हणत राहतील.

पहिल्या आठवड्यात बाहेर जाऊ नका. प्रत्येकाने स्वतःच्याच घरी सुरुवात करायची. पाच वर्षांखालच्या मुलाचं वजन आणि दंडाचा घेर, गरोदर बाई असेल तर तिचं वजन आणि काल दिवसभरात तिने काय खाल्लं, काय उचललं, आणि साठीपुढचं माणूस पाच वेळा उठायला किती सेकंद घेतं. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा बारीक आला तर फॉर्म भरत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. मोजपट्ट्या मागच्या टेबलावर आहेत, फॉर्मही तिथेच आहेत. फॉर्मवर नावाची जागा मी मुद्दाम ठेवलेली नाही.