भातामागचा वाल



अमिनो आम्ले, कोलॅजेन, चयापचयाचे आजार हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. मला मात्र बोलायचे आहे ते इथल्या, शहापूर-मुरबाडच्या खाचरांत येणाऱ्या एका पिकाबद्दल. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर इथला शेतकरी वाल टाकतो. वेगळे पाणी नाही, फारसे खत नाही. उरलेली ओल आणि पडेल ते दव यांवर पीक हाताशी येते. या वालावर मुंबईत अव्वल दर्जाचे जीवरसायनाचे काम झाले आहे आणि ते कमला सोहोनी यांनी उभे केले.

कमलाबाई दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहिणी. १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा बाई म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला आणि दूध व कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम सुरू केले. पुढे केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात १९३९मध्ये पीएच.डी. मिळवली. हॉपकिन्स म्हणजे १९०१मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे काढणारे शास्त्रज्ञ. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे कमलाबाईंनी दाखवले. एवढ्या शिदोरीवर परदेशातच त्यांचे उत्तम चालले असते. त्या परत आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी हाती घेतले काय, तर नीरा, ताडगूळ, कडधान्ये, भाताचे पीठ. गरिबाच्या घरात जे येते, ते.

त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालातला ट्रिप्सिन-रोधक वेगळा काढून शुद्ध केला. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. कच्च्या वालात असे एक प्रथिन असते, जे या विकरालाच अडवते. म्हणजे दाण्यात जवळजवळ पाव भाग प्रथिने असूनही कच्चेपणी ती नीट अंगी लागत नाहीत.

आता आपल्या स्वयंपाकघरात वालाचे बिरडे कसे होते ते पाहा. वाल रात्रभर भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे. साल सैल झाली की अंगठा नि बोट यांत दाबून एकेक दाणा सोलायचा आणि मग मऊ शिजवायचा. घरातल्या बायका पहाटेपासून हे करत बसतात. भिजवण्याने आणि मोड आणण्याने रोधक कमी होऊ लागतो, शिजवताना त्याचा मोठा भाग निकामी होतो. विकराचे नाव माहीत नसतानाही ही रीत कोणीतरी बसवली, पिढ्यान् पिढ्या सांभाळली. मी तिला संशोधनच म्हणतो.

भाताच्या प्रथिनात लायसिन कमी पडते, वालात ते भरपूर. वालात मेथिओनिन कमी, ते भातात त्या मानाने बरे. एका ताटात दोन्ही आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पण हे ताट विस्कटले आहे. दिवाळीनंतर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे वीटभट्टीवर जातात, म्हणजे नेमकी वालाच्याच हंगामात. भट्टीवर भात, मिरची, कधी बटाटा. ज्याच्या शेतात वाल येतो, तोही चांगला दाणा बाजारात विकून टाकतो. पैशाची गरज असते, त्याला दोष कसा द्यायचा?

या विस्कटलेल्या ताटाचा हिशेब पोटातल्या बाळापासून सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिली. वरून रोड, आतून मेदाळ. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत ६व्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक दिसले. बी-१२ नसेल तर होमोसिस्टीनपासून मेथिओनिन बनवण्याचे काम अडते. हे जीवनसत्त्व ना भातात आहे, ना वालात. ते दूध, अंडी, मासे यांत आहे. म्हणूनच आठवडी बाजारातून घरी येणारा मूठभर सुका जवळा मला मोलाचा वाटतो.

अंगणवाडी सेविकांनो, म्हणून सांगतो, कुपोषण हा तुमच्याकडचा विषय आणि मधुमेह शहरातला, अशी वाटणी करू नका. आज तुम्ही ज्या बाळाचे वजन करता, त्याच्याच अंगात पुढचा मधुमेही दडलेला असू शकतो.

कोलॅजेनबद्दल आता थोडे, कारण त्याच्या भुकटीच्या जाहिराती इथल्या फोनवरही पोहोचल्या आहेत. त्याची तिपेडी रचना १९५४मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असल्याशिवाय हा पीळ बसत नाही. आणि पीळ टिकायचा तर प्रोलिनचे हायड्रॉक्सिप्रोलिन व्हावे लागते, त्यासाठी लोह आणि क जीवनसत्त्व लागते. आवळ्यात क जीवनसत्त्व आहे. खाल्लेले कोलॅजेन पचनात तुटते. त्यातले काही छोटे तुकडे रक्तात जातात हे खरे, पण कोलॅजेन जसेच्या तसे आपल्या सांध्यांत जाऊन बसत नाही. शिवाय कोलॅजेनमध्ये हॉपकिन्स यांचे ट्रिप्टोफॅन अजिबात नाही. प्रथिन म्हणून ते अपुरेच. मधुमेहात रक्तातली साखर याच दीर्घायुषी कोलॅजेनच्या लायसिनला चिकटते, धागे ताठरतात, जखमा भरायला वेळ लागतो. अनवाणी पायांनी चिखलणी करणाऱ्याच्या तळव्याला काही लागले, तर ती जखम किती दिवस भरत नाही, हे आशाताई रोज पाहतात. अशा माणसाला महागडी भुकटी नको, वेळेवर साखरेची तपासणी हवी.

आता आपल्या या परिषदेने करायचे काय, ते बोलतो. शहापूर आणि मुरबाडच्या गावांत वालाची जी स्थानिक वाणे अजून घरी राखली जातात, ती गोळा करून त्यांची अमिनो आम्ले आणि ट्रिप्सिन-रोधक मोजावेत. मोड आणण्यापूर्वी, मोड आल्यावर आणि शिजवल्यावर, असे तिन्ही वेळा. रीत घरच्या बिरड्याचीच घ्यावी. २०१५पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. त्या जेवणात इथलाच वाल यावा, तो इथल्याच शेतकऱ्याकडून रास्त भावाने घ्यावा. गरोदर मातेचे हिमोग्लोबिन आपण पाहतो, तसे बी-१२ही पाहावे. आणि निष्कर्ष मराठीत, सेविकेच्या हातात पडतील असे लिहावेत; नियतकालिकात ते नंतर छापले तरी चालेल.

या मुद्द्यांचा मसुदा मी ठराव समितीकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा आहे आणि पहिले बोलणे सेविकांचे असावे, असे मी संयोजकांना सांगितले आहे.