गाळलेला तिसरा आंकडा

एकाच ग्रंथाचे खंड निरनिराळ्या आवृत्तींचे हातीं आले, तर वाचक गोंधळेल. संकेतस्थळें रचण्याच्या अँग्युलर या गूगलच्या सॉफ्टवेअरवर २०१६ च्या डिसेंबरांत तोच प्रसंग होता. त्याचे सर्व भाग एकाच कोठारांतले. परंतु गाभा २.३ वर, आणि पानांची वाट दाखविणारा राऊटर ३.३ वर! पहिला आंकडा बदलला कीं जुनी जुळणी मोडण्याचा संभव, असा संकेत; मग २ शीं ३ जुळतो हें ओळखावें कसें? राऊटरला मागें आणणें अशक्य. तो आंकडा आधींच लोकांच्या हातीं गेला होता. तेव्हां चालकांनीं गाभ्याचा ३ गाळला आणि मार्च २०१७ मध्यें सर्व भागांस ४ हाच क्रमांक दिला. या रीतीनें एखादा भाग न बदलतांही त्याचा क्रमांक वाढतो. ही थोडी उधळपट्टीच. पण कोणता भाग कोणाशीं जोडावा, हें आंकड्यावरूनच कळतें.