पाण्याखाली लाल रंग कुठे जातो?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि पुलांच्या कामावर रमलो. आमच्याकडे लाल म्हणजे थांबा. पण हाच लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो. अगदी स्वच्छ पाण्यातही पाच मीटर खोलीवर तांबड्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा उरतो. तिथे लाल वस्तू काळपट दिसते.

तुम्ही म्हणाल, रेल्वेवाल्याचे पाण्यात काय काम? पावसाळ्यात पुराच्या जोराने खांबाच्या पायाजवळची माती वाहून जाते, काँक्रीटला तडे जातात. ते पाहायला पाणबुडे उतरतात, आता कॅमेरा लावलेले रोबोटही उतरवतात. फोटो हाती आले की प्रश्न पडतो : गेल्या वर्षी नसलेला हा डाग खरोखर नवा, की कॅमेऱ्याने रंग बदलला? वरून भरलेली गाडी जायची असते. तिथे अंदाज चालत नाही.

घोटाळा करतो तो कॅमेऱ्याचा ‘ऑटो’. आरतीच्या वेळी मोबाईलने फोटो काढून पाहा. मागची रोषणाई चौकटीत आली की मूर्ती काळवंडते. थोडे सरकले की उजळते. मूर्ती तीच, दिवे तेच, हिशेब बदलला तो कॅमेऱ्याने. माणसाला छान दिसावे म्हणून ही सोय आहे. पण तुलना करणाऱ्या यंत्राला छान नको, सारखे हवे. रुळांतले अंतर मोजायचा गेज रोज स्वतःची लांबी बदलू लागला, तर त्याचा काय उपयोग?

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली : शटर, गेन आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून पक्के करावेत. सर्वांत उजळ भागही पांढराफटक होऊ देऊ नये; तिथला गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही.

दुसरी : दिवा आपला न्यावा आणि कॅमेऱ्यापासून दूर, तिरका लावावा. अगदी शेजारी लावला तर गाळाचे कण चमकतात, धुक्यात मोटारीच्या हेडलाइटचे होते तसे.

तिसरी : खांबापासूनचे अंतर सारखे ठेवावे. अंतर निम्मे झाले की दिव्याचा उजेड चौपटीहूनही जास्त पडतो.

चौथी : चौकटीत करड्या रंगाची पट्टी ठेवावी. तिचा रंग आपल्याला ठाऊक असतो, त्यावरून बाकीचे रंग दुरुस्त करता येतात. फोटोबरोबर सेटिंगही नोंदवून ठेवावी.

पृष्ठभागाजवळ लाटांमुळे ऊन थरथरते, मध्येच ढग येतो. तिथे दोन-तीन ठरीव सेटिंग ठेवून कोणती वापरली ते लिहावे. पाणी फार गढूळ असेल तर मात्र कॅमेऱ्याचा हट्ट सोडून सोनार वापरावा.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ नावाचे रोबोट बनवून अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत उतरवले. अशा रोबोटला पाण्यातल्या वस्तू रंगावरून ओळखाव्या लागतात. आपल्या मुलांनी असे काही केले, तर रंगाची छटा आणि उजेड यांचे आकडे वेगळे ठेवावेत. उजेड थोडा बदलला तरी छटा कमी हलते.

घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. बादलीभर पाण्यात चार थेंब दूध टाका. तळाशी एक नाणे ठेवा. टॉर्च आधी मोबाईलला चिकटवून आणि मग बाजूने धरून फोटो काढा. माझे अर्धे भाषण त्या दोन फोटोंत दिसेल.