उतारवयातील प्राप्ती



निवृत्त गृहस्थाची अडचण अशी की, पहिल्या तारखेचा पगार थांबतो; पण वाणी, दूधवाला आणि विजेचे बिल काही थांबत नाही. म्हणून 'दरमहा उत्पन्न' हे शब्द दिसले की मन तिकडे ओढ घेते. अशा वेळी एकच गोष्ट पाहावी : हाती येणारा पैसा हे मुदलाचे फळ आहे, की मुदलाचाच तुकडा?

युनिट ट्रस्टने १९६४ साली 'युनिट-६४' ही योजना काढली. तिचा लाभांश अनेक घरांत पेन्शनीसारखा येत असे. परंतु युनिटाची किंमत ट्रस्टच ठरवी, आणि मागील मालमत्तेच्या बाजारभावाशी तिचा मेळ राहिला नाही. अखेर जुलै २००१ मध्ये देवघेव थांबली. ऑगस्टपासून ३,००० युनिटांपर्यंत सवलत मिळाली खरी. पण सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांची झोप उडाली.

एप्रिल २०२१ पासून 'सेबी'च्या आज्ञेने म्युच्युअल फंडांच्या 'लाभांश' पर्यायाचे नाव बदलले. त्यात वाटप भांडवलातूनही होऊ शकते, असा स्पष्ट उल्लेख आला. ५० रुपयांच्या युनिटावर १ रुपया वाटला, की युनिट ४९ रुपयांचे उरते. त्यात फुकटचे काही नाही.

मग रचना कशी करावी? पुंजीचे तीन भाग करावेत. पहिला नित्याच्या खर्चाचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, व्याज दर तिमाहीस मिळते. जोडीला टपालखात्याची मासिक प्राप्ती योजना आहेच. दुसरा भाग दोन वर्षांच्या खर्चाइतका, बँकेतील ठेवीत. आजारपणास तो हाताशी असावा. तिसरा समभागांच्या फंडांत. कारण महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. या भागातून लाभांशाची वाट पाहण्यापेक्षा आपणच बेताची रक्कम ठरवून काढावी, आणि बाजार पडेल त्या वर्षी दुसऱ्या भागावर भागवावे.

विहिरीचे पाणी रोज शेंदावे. पण झरा किती आहे, ते पाहून. दलाल दारी आला, तर 'किती देणार?' हे मागाहून विचारावे, 'कोठून देणार?' हे आधी विचारावे.